बारा, चौदा की सोळा?

(पडद्यावर : ब्रेकिनचं ग्लीब पार्क. मैदानाच्या कडेनं गेलेलं झुडपांचं उंच, हिरवं कुंपण.)

स्कॉटलंडच्या ईशान्येला ब्रेकिन नावाचं गाव आहे. वस्ती साधारण सात हजारांची. गावाच्या फुटबॉल मैदानाला एका अंगाला भिंतीऐवजी हे कुंपण आहे. ब्रेकिन सिटी हा इथला क्लब २०१७-१८च्या हंगामात दुसऱ्या डिव्हिजनमध्ये ३६ सामने खेळला. जिंकला एकही नाही. चार बरोबरीत सुटले, बत्तीस हरले. मग क्लब पायरी पायरीनं खाली येत गेला. मे २०२१मध्ये केल्टी हार्ट्सविरुद्धचा, लीगमध्ये टिकण्यासाठीचा प्ले-ऑफ गमावला आणि ब्रेकिन राष्ट्रीय लीगच्याच बाहेर पडलं.

आपला संघ कुठल्या डिव्हिजनमध्ये आहे, यावर इथल्या माणसाचा शनिवार ठरतो. समोर कोण येणार, बस किती वाजता गाठायची, एप्रिल महिन्यात जीव टांगणीला लागणार की नुसतं मैदानाच्या स्टँडमध्ये बसून राहायचं, सगळं त्यावर. म्हणूनच एका डिव्हिजनमध्ये संघ किती असावेत, हा वाद इथं पन्नास वर्षं धुमसतो आहे.

(पडद्यावर : गुणतालिका. चार डिव्हिजन एकाखाली एक.)

देशाची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहून कमी. तेवढ्यात राष्ट्रीय लीगमध्ये ४२ क्लब. वरच्या डिव्हिजनमध्ये बारा, खालच्या तिन्हींत दहा-दहा. १९७५पर्यंत वर अठरा संघ होते. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा घरी आणि एकदा त्यांच्याकडे, असा चौतीस सामन्यांचा सरळ हिशोब. मग वरची डिव्हिजन दहा संघांची केली आणि प्रत्येक जण प्रत्येकाशी चार वेळा खेळू लागला. त्यानंतर हा आकडा कधी बारा झाला, कधी पुन्हा दहा.

दहाच्या बाजूनं बोलणाऱ्यांकडे भक्कम पुरावा आहे, तो नाकारू नये. त्याच काळात ॲबरडीननं १९८०, १९८४ आणि १९८५ची लीग जिंकली. १९८३ची डंडी युनायटेडनं. त्याच वर्षी ॲबरडीननं रेआल माद्रिदला हरवून युरोपियन कप विनर्स कपही आणला. पण १९८५नंतर काय झालं? २०२५पर्यंतच्या चाळीस वर्षांत एकदाही सेल्टिक आणि रेंजर्स हे ग्लासगोचे दोन बडे क्लब सोडून तिसऱ्या कुणाच्या हाती लीग लागली नाही. दहातले दोन खाली जाणार असतील तर कुठला प्रशिक्षक सतरा वर्षांच्या पोराला मैदानात उतरवेल, हा चाहत्यांचा जुना सवाल आहे.

२०००पासून बारा संघ आहेत. बारा संघ चार वेळा भिडले तर ४४ सामने होतात, ते झेपत नाहीत. तीन वेळा भिडले तर ३३, ते पुरत नाहीत. म्हणून तोडगा निघाला ‘स्प्लिट’चा. ३३ सामने झाले की तालिका मधोमध कापायची. वरचे सहा आपसात, खालचे सहा आपसात, आणखी पाच-पाच सामने. रेषेखालचा संघ कितीही जिंकला तरी रेषा ओलांडू शकत नाही. २००५-०६ला इन्व्हर्नेसनं ५८ गुण मिळवले. चौथ्या आलेल्या हिबर्नियनचे होते ५६. इन्व्हर्नेस तरीही सातवं! इन्व्हर्नेसच्या माणसाला हा नियम न्याय्य आहे असं कुणी पटवून दाखवावं.

(पडद्यावर : फाटकाबाहेरची रांग. हातात मांस भरलेली गरम पेस्ट्री आणि बोव्हरिलचे, म्हणजे मांसाच्या गरम अर्काचे कप.)

पाठीराख्यांची सर्वात जुनी मागणी आहे सोळा किंवा अठरा संघांची. तेच ते चेहरे वर्षातून चार वेळा बघायचा त्यांना कंटाळा आला आहे. मला ही मागणी पटते. मात्र क्लबच्या खजिनदाराचं म्हणणंही ऐकून घ्यायला हवं. आज ३८ सामने, म्हणजे सरासरी १९ घरच्या मैदानावर. सोळा संघ केले तर ३० सामने, त्यातले १५ घरचे. चार दिवसांची तिकीटविक्री गेली. सेल्टिक आणि रेंजर्स चारऐवजी दोनदाच भिडणार. टीव्हीवाले पैसे मोजतात ते मुख्यतः त्या चार लढतींसाठी. हा वाद दरवेळी इथेच येऊन अडतो.

आणि मत असतं क्लबांच्या हाती. चाहत्याकडे फक्त सीझन तिकीट. पण २०१२च्या उन्हाळ्यात त्या तिकिटाचंही वजन दिसलं. रेंजर्स चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. नव्या कंपनीला थेट वरच्या लीगमध्ये घ्यावं, निदान दुसऱ्या डिव्हिजनमध्ये तरी, अशी खटपट सुरू झाली. बाकी क्लबांचे चाहते उसळले. घेतलंत तर आम्ही सीझन तिकीट घेणार नाही, असं त्यांनी आपापल्या क्लबांना बजावलं. वरच्या लीगनं रेंजर्सना नाकारलं. १३ जुलैला खालच्या तीस क्लबांपैकी २५ जणांनी त्यांना सर्वात खालच्या डिव्हिजनमध्ये टाकायला मत दिलं. ऑगस्टमध्ये रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर चौथ्या डिव्हिजनमधला सामना झाला, समोर ईस्ट स्टर्लिंगशर. प्रेक्षक ४९,११८. संघ तळाला गेला, तरी रेंजर्सचे लोक त्याच्यासोबत तळाला आले. दोन्ही बाजूंच्या पाठीराख्यांनी त्या उन्हाळ्यात आपला शब्द पाळला.

पुढच्याच वर्षी १२-१२-१८ची योजना आली. वरच्या दोन डिव्हिजन २२ सामन्यांनंतर आठ-आठच्या तीन गटांत विभागायच्या आणि मधल्या आठांचे गुण शून्यावर आणायचे. ऑगस्टपासून पावसात उभं राहून मिळवलेले गुण जानेवारीत पुसून टाकायचे? योजनेला वरच्या बारा क्लबांपैकी अकरांची मतं हवी होती, मिळाली दहा. सेंट मिरन आणि रॉस काउंटी विरोधात गेले. जून २०१३मध्ये वरच्या बारांची लीग आणि खालच्या तीस क्लबांची लीग एक झाल्या, पण संघांची वाटणी होती तशीच राहिली.

(पडद्यावर : रिकामी स्टेडियम्स, वसंत २०२०.)

कोविडनं हंगाम मध्येच बंद पाडला, तेव्हा वरच्या डिव्हिजनमध्ये एडिनबराचे हार्ट्स (केल्टी हार्ट्स वेगळे) चार गुणांनी तळाला होते आणि आठ सामने बाकी होते. दुसऱ्या डिव्हिजनच्या तळाचं पार्टिक थिसल तर दोनच गुणांनी मागे होतं, तेही एक सामना कमी खेळून. होती ती तालिका अंतिम धरून दोघांना, आणि तिसऱ्या डिव्हिजनमधल्या स्ट्रॅनरारलाही, खाली पाठवलं. कुणावर अन्याय नको म्हणून वरच्या डिव्हिजनमध्ये चौदा संघ करायचा प्रस्ताव पुढे आला. ४२पैकी सोळाच क्लब हो म्हणाले. हार्ट्स आणि थिसल न्यायालयात गेले, लवादापुढे गेले आणि हरले. न खेळलेल्या सामन्यांसाठी खाली जाणं मला आजही पटत नाही. हार्ट्सचे चाहते महिन्याच्या महिन्याला वर्गणी भरत राहिले आणि २०२१मध्ये क्लबची बहुसंख्य मालकी त्यांच्या संस्थेकडे आली. आता निदान एका क्लबाचं मत ठरताना वर्गणीदारांचा आवाज तिथं पोहोचतो.

तळाशी मात्र दार अरुंदच राहिलं. २०१४-१५चा हंगाम येईपर्यंत तर ते बंदच होतं. कितीही हरा, लीगमधून कुणी बाहेर पडत नसे. दार उघडलं आणि २०१६मध्ये ईस्ट स्टर्लिंगशर पहिल्यांदा बाहेर गेलं, एडिनबरा सिटी आत आलं. ब्रेकिन पडलं त्या वेळी नियम असा होता : हायलँड लीग आणि लोलँड लीग या राष्ट्रीय लीगखालच्या उत्तर आणि दक्षिण भागांतल्या लीगच्या विजेत्यांनी आधी एकमेकांशी लढायचं आणि जिंकणाऱ्यानं मग ४२वा क्रमांक आलेल्याला हरवायचं. वर्षभर आपली लीग गाजवूनही दोघांपैकी एकाला हात हलवत परतावं लागायचं.

(पडद्यावर : पहाटेचा अंधार. ब्रेकिनच्या रस्त्यावर उभी बस.)

ब्रेकिन पडलं ते हायलँड लीगमध्ये. त्या लीगमध्ये विक ॲकॅडमी आहे, स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाशी. ब्रेकिनहून साडेतीनशे किलोमीटरहून जास्त, तेवढंच परत. सामना दुपारी तीनचा. लाल मफलर गुंडाळलेली माणसं बसमध्ये चढतात, डबे वरच्या फळीवर ठेवतात, आणि बस उत्तरेकडे निघते.