रविवारी पत्र लिहायचं असतं

(माहितीपटाचं निवेदन)

[पडद्यावर काळोख. दुरून हाताने वाजवलेल्या पितळी घंटेचा आवाज. हळूहळू एक लांबट खोली दिसू लागते. आठ पलंग, आठ पांघरुणं.]

सोमवार. सकाळचे सात.

घंटा दुसऱ्यांदा वाजते तेव्हा पांघरुणांखाली जराशी हालचाल होते. आधी विस्कटलेले केस बाहेर येतात, मग एक हात, आणि एका पलंगावरून कापडी अस्वल खाली पडतं. अस्वलाला इथे बंदी नाही. घरून आणायच्या सामानाच्या यादीत बूट, टाय, रेनकोट यांच्यासोबत त्याचीही नोंद असते.

ही इंग्लंडमधली मुलग्यांची प्रेप स्कूल. गावाबाहेरचा जुना विटांचा वाडा, मागे झाडी, पुढे मैदानंच मैदानं. अशा शाळा बऱ्याच आहेत आणि त्यांचे आठवडे एकमेकांसारखेच असतात. म्हणून शाळेचं नाव बाजूला ठेवू. आपण या आठ पलंगांपैकी खिडकीजवळच्या पलंगाकडे बघत राहू. तिथला मुलगा आठ वर्षांचा आहे. सप्टेंबरात आला. आता नोव्हेंबर आहे.

[मेट्रन एकेक मोजा उलटा करून आतली पट्टी वाचते आहे.]

ही मेट्रन. थोडी नर्स, थोडी वॉर्डन आणि उरलेली मावशी. खोकला कुणाचा, मोजा कुणाचा, रात्री कोण जागं होतं, सगळं हिला ठाऊक. मुलाच्या प्रत्येक कपड्याला आतून त्याच्या नावाची विणलेली पट्टी शिवलेली असते. सदऱ्याला, रुमालाला, अगदी एकेका मोज्यालाही. ऑगस्ट महिन्यात घरोघरी आया या पट्ट्या शिवत बसतात. पाठवणीची खरी तयारी तीच.

प्रेप म्हणजे प्रिपरेटरी, पूर्वतयारीची शाळा. तयारी पुढच्या शाळेची. तेराव्या वर्षी हा मुलगा ईटन, हॅरो, विंचेस्टर, रग्बी अशा एखाद्या पब्लिक स्कूलमध्ये जाईल. नाव पब्लिक असलं तरी तिथे भरभक्कम फी भरावी लागते. म्हणजे ही शाळेसाठीची शाळा झाली. गंमत अशी, की संध्याकाळी मुलं जो अभ्यास करतात त्यालाही 'प्रेप'च म्हणतात. प्रेपमध्ये प्रेप करायची.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या शाळांमध्ये आठ-नऊ वर्षांची पोरं आणि मिसरूड फुटलेली मुलं एकाच छपराखाली असत. लहानग्यांचे काय हाल होत असतील ते सांगायला नको. धाकट्यांसाठी वेगळी शाळा असावी हा विचार त्यातूनच बळावला. १८३७ मध्ये नौदलातले एक अधिकारी चार्ल्स मॉल्डन यांनी विंडलशॅम हाऊस ही शाळा काढली. या प्रकारच्या सगळ्यात जुन्या शाळांमध्ये तिची गणना होते.

पण शाळा वाढल्या त्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या अंगणातलं आहे.

[जुनं छायाचित्र: धक्क्याला लागलेली आगबोट.]

हिंदुस्थानात नोकरीला असलेले इंग्रज अधिकारी मुलं सात-आठ वर्षांची झाली की त्यांना 'घरी' पाठवत. पुण्याच्या किंवा महूच्या छावणीतला कर्नल असो, नाहीतर मद्रासेकडचा कलेक्टर. इथल्या हवेला आणि इथल्या रोगांना ते भीत. मुलांच्या जिभेवर इथलं बोलणं बसेल, याचीही धास्ती असे. ज्या घराला मुलगा 'घर' म्हणायचा, ते त्याने बहुधा पाहिलेलंही नसायचं. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबईहून इंग्लंडचा प्रवास साधारण तीन आठवड्यांवर आला. पत्रालाही तितकाच वेळ. आईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिच्या हाती पडेपर्यंत दीड महिना उलटलेला. मध्ये कित्येक वर्षं भेट नाही. तेव्हा या शाळांमध्ये रविवारी सक्तीने पत्र लिहून घेत, त्यामागे नुसती शिस्त नव्हती. दुसरा दुवाच नव्हता.

हे लक्षात ठेवू. रविवार अजून लांब आहे.

[वर्गाबाहेरचा बोळ. मुलं रांगेने, पण एकमेकांना कोपरं मारत.]

नऊच्या आत प्रार्थना होते आणि तास सुरू होतात. वर्गात दहा-पंधरा मुलं. शिक्षकाला 'सर', बाईंना 'मिस'. इंग्रजी, गणित, विज्ञान, फ्रेंच, इतिहास, भूगोल. आणि लॅटिन. दाराआडून ऐका: अमो, अमास, अमात, अमामुस, अमातिस, अमान्त. आपल्याकडे 'देवः देवौ देवाः' ज्या सुरात घोकतात, नेमका तोच सूर. पाठ करायचं हे पहिलं क्रियापद आहे 'प्रेम करणे'. मी प्रेम करतो, तू प्रेम करतोस. सगळा वर्ग एका दमात ते म्हणतो आणि अर्थाकडे कुणाचंही लक्ष नसतं.

डोक्यावर टांगती तलवार आहे ती कॉमन एन्ट्रन्सची. १९०४ पासून चालत आलेली ही परीक्षा तेराव्या वर्षी असते. पेपर प्रेप स्कूलमध्ये बसून लिहायचा आणि तो तपासणार मुलाला जायचंय ती शाळा. अलीकडे मोठ्या शाळा दहा-अकराव्या वर्षीच संगणकावर पूर्वचाचणी घेतात आणि जागा बहुतेक तिथेच ठरते. पालक घाबरेघुबरे होतात ते त्या वर्षी. खिडकीजवळच्या पलंगावरच्या मुलाला याची अजून वार्ता नाही. त्याला काळजी आहे ती खिशातल्या कॉन्करची.

[मधली सुट्टी. दोन मुलं समोरासमोर. दोरीला ओवलेलं तपकिरी, चकचकीत बी.]

हॉर्स चेस्टनटच्या झाडाखाली शरद ऋतूत या बियांचा सडा पडतो. बीला भोक पाडायचं, दोरी ओवायची. एकाने आपलं बी लोंबकळत धरायचं, दुसऱ्याने आपलं त्यावर हाणायचं. ज्याचं फुटेल तो हरला. बी टणक व्हावं म्हणून कुणी ते व्हिनेगरमध्ये बुडवतं, कुणी गेल्या वर्षीचं जपून ठेवतं. दोन्हीला लबाडी म्हणतात आणि दोन्ही सगळेच करतात.

मंगळवार सोमवारसारखाच. एक गोष्ट मात्र टिपण्यासारखी आहे. तास चालू असताना दारावर टकटक होते आणि एक मुलगा व्हायोलिनची पेटी घेऊन उठतो. वाद्याच्या शिकवण्या तासांच्या मधूनच होतात. पण त्यांची वेळ दर आठवड्याला पुढे सरकते. या मंगळवारी गणित बुडलं तर पुढच्या मंगळवारी इतिहास बुडेल. एकाच विषयावर संक्रांत यायला नको. वेळापत्रक बनवणाऱ्याच्या डोक्याला सलाम करावासा वाटतो.

[बुधवार. दुपार. मिनीबसच्या काचेवर पाऊस.]

आठवड्याचा कणा म्हणजे बुधवार आणि शनिवार. या दोन्ही दुपारी सामने असतात. आणि फक्त निवडक अकरा-पंधरा जण खेळतात असं नाही. पहिला संघ, दुसरा, तिसरा, वयोगटानुसार आणखी चार-पाच. ज्याला चेंडू धड झेलता येत नाही तोही कुठल्या ना कुठल्या संघात असतोच, आणि त्याच्याच तोडीचा एक संघ समोरच्या शाळेनेही उभा केलेला असतो. मला ही कल्पना मनापासून आवडली. वाईट खेळायचीही इथे रीतसर सोय आहे.

या सत्रात रग्बी. आपला मुलगा नऊ वर्षांखालच्या गटात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धरून पाडायचं हे याच वर्षी सुरू झालंय. तो मागच्या बाजूला हाताची घडी घालून उभा आहे. बाजूरेषेवरून एक उंच तरुण ओरडतो आहे. तो न्यूझीलंडहून आलेला, वय अठरा. अशा शाळांमध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिकेतून नुकतीच शाळा संपवलेली मुलं वर्षभरासाठी मदतनीस म्हणून येतात. धाकट्यांचे बूट बांधायचे, सामन्यांना शिटी वाजवायची, रात्री दिवे मालवायचे. त्यांना इथे 'गॅपर' म्हणतात. घरापासून सगळ्यात लांब तोच आलाय, हे पोरांच्या ध्यानात येत नाही.

सामना संपला की यजमान शाळा पाहुण्या संघाला चहापाणी देते. सँडविच, केक, सॉसेज. चिखलाचे गुडघे टेबलाखाली. मघाशी ज्याला आडवा पाडला, त्यालाच ताट पुढे करायचं.

उन्हाळ्यात इथेच क्रिकेट असतं. धाकट्यांचे सामने जोडीने खेळतात. प्रत्येक जोडीला ठरावीक षटकं. बाद झालं तरी तंबूत परतायचं नाही, संघाच्या धावा तेवढ्या कापल्या जातात. पहिल्याच चेंडूवर बाद होऊन दुपारभर गवतात बसायची वेळ कुणावर येत नाही. क्रिकेटचं वेड इथे जुनं आहे. १८९२ मध्ये काही प्रेप स्कूलचे मुख्याध्यापक पहिल्यांदा एकत्र जमले ते लहान मुलांसाठी चेंडू केवढा असावा आणि खेळपट्टी किती लांब, हे ठरवायला. त्या बैठकीतून या शाळांची संघटना उभी राहिली आणि ती आजही चालू आहे.

अशाच एका शाळेत, हर्टफर्डशायरमधल्या लॉकर्स पार्कमध्ये, आपले मन्सूर अली खान पतौडी शिकले. तिथे त्यांना इंग्लंडचे जुने डावखुरे फलंदाज फ्रँक वूली यांच्याकडून धडे मिळाले. पुढे विंचेस्टरमध्ये १९५९ च्या मोसमात त्यांनी १,०६८ धावा केल्या आणि डग्लस जार्डिनचा शाळेतला विक्रम मोडला. हो, तोच बॉडीलाइनवाला जार्डिन, फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकायला लावणारा इंग्लंडचा कप्तान.

[अंधारलेला बोळ. घड्याळात पावणेपाच.]

गुरुवार आणि शुक्रवार झपाट्याने जातात. पण संध्याकाळ जात नाही.

नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात. दिवसभर येऊन-जाऊन शिकणारी मुलं प्रेप संपली की गाडीत बसून निघून जातात. फाटकाबाहेर दिव्यांची रांग दिसते. उरतात ती वसतिगृहातली. मेट्रन सांगते, घरची आठवण येते ती साडेपाच ते सात याच वेळात. मग आठवड्याचं वेळापत्रक पुन्हा नीट पाहिलं की एक गोष्ट दिसते. या वेळात एकही मिनिट मोकळं नाही. प्रेप, जेवण, गायनवृंद, बुद्धिबळ, सुतारकाम, पोहणं, आंघोळ, गोष्टीचं पुस्तक, दिवे बंद. सोमवारच्या पहिल्या घंटेपासून हेच चाललंय. मुलाला विचार करायला फट मिळू नये, अशा बेताने आठवडा विणलेला आहे. हे मायेपोटी आहे की सोयीपोटी, मला ठरवता आलं नाही.

कारण जुन्या दिवसांचं ओझंही याच भिंतींवर आहे. इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत छडी १९८७ मध्ये बंद झाली, खाजगी शाळांत कायद्याने बंद व्हायला १९९९ उजाडलं. लहानपणी अशा शाळांमध्ये राहिलेली कितीतरी माणसं पन्नाशीत मानसोपचारतज्ज्ञांपुढे येऊन बसली. जॉय शावेरियन यांनी त्यांच्या दुखण्याला 'बोर्डिंग स्कूल सिंड्रोम' असं नाव दिलं. रडायचं नाही हे जो आठव्या वर्षी शिकला, त्याला चाळिशीत रडता येईना.

आता बरंच बदललंय. १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टने मुलांच्या हिताची जबाबदारी कायद्याने शाळांवर टाकली. तपासणीला बाहेरचे लोक येतात. फलकावर एक दूरध्वनी क्रमांक लावलेला असतो: शाळेत कुणाशी बोलावंसं वाटत नसेल तर इथे फोन कर. आठवडाभर राहून शनिवार-रविवार घरी जाणारी मुलंही वाढलीत. अनेक शाळांनी मुलींना प्रवेश दिला. जानेवारी २०२५ पासून फीवर २० टक्के कर लागू झाला, त्याची कुरकुर तर प्रत्येक पालकसभेत ऐकू येते.

[शनिवार. सकाळी वर्ग, दुपारी सामने. मैदानाच्या कडेला मोटारींची रांग, छत्र्या, कुत्री.]

शनिवारीही शाळा असते. दुपारी पालक सामना बघायला येतात. ज्यांचे येतात त्यांची मुलं चेंडूपेक्षा मोटारींकडे जास्त बघतात. ज्यांचे येत नाहीत ती फक्त चेंडूकडे बघतात.

दर दोन-तीन आठवड्यांनी घरी जायची सुट्टी मिळते. तिला 'एक्झिएट' म्हणतात. शब्द लॅटिन आहे, अर्थ 'त्याने बाहेर जावं'. आपल्या व्याकरणात याला विध्यर्थ म्हणतात. हा शब्द मात्र मुलांना घोकावा लागत नाही. या आठवड्यात एक्झिएट नाही.

[रविवार. चॅपलमधून परतलेली मुलं. वर्गात शांतता. कागदावर पेनांचा आवाज.]

मोबाईल शाळेने सत्राच्या सुरुवातीलाच ठेवून घेतलाय. ठरल्या दिवशी घरी बोलता येतं, चेहराही दिसतो. तरीही रविवारी पत्र लिहायचं असतं. एक पान, शाईने. पूर्वी शिक्षक पत्र वाचून मगच पाकीट बंद करू देत. आता कुणी वाचत नाही. फळ्यावर मात्र सरांनी नेहमीप्रमाणे शनिवारच्या सामन्यांचे निकाल लिहून ठेवलेत, कुणाला सुचलं नाही तर असावेत म्हणून.

आठवड्यातली एकमेव फट हीच. समोर कोरा कागद, अर्धा तास, आणि घंटा वाजणार नाही.

खिडकीजवळच्या पलंगावरचा मुलगा तारीख घालतो. बराच वेळ खिडकीबाहेर बघतो. मग फळ्याकडे बघतो आणि लिहू लागतो.

[कॅमेरा त्याच्या खांद्यावरून कागदावर. अक्षर मोठं, ओळी उतरत्या.]

'प्रिय ममी आणि डॅडी, शनिवारी आम्ही ४-६ ने हरलो. पाऊस होता. मी पूर्ण सामना खेळलो. माझं कॉन्कर अजून फुटलेलं नाही. लॅटिनमध्ये मला दहापैकी नऊ मिळाले. रात्रीच्या जेवणात पाय (pie) होता. माझा एक मोजा हरवला आहे पण मेट्रन म्हणते तो सापडेल कारण त्यात तू नाव शिवलं आहेस.'

पान अर्धं रिकामं आहे. तो मागे वळून शेजाऱ्याचं पान किती भरलंय ते बघतो. मग उरलेल्या जागेत रग्बीचं मैदान काढायला घेतो, दोन्हीकडचे खांब, मधली रेघ, आणि मागच्या बाजूला हाताची घडी घालून उभा असलेला एक छोटा माणूस.