काचेच्या पेटीची मागची भिंत

नमस्कार श्रोतेहो. काचेच्या पेटीत माती, नेचे, शेवाळ लावून घरात छोटंसं रान उभं करायचं, त्याला व्हिवेरियम म्हणतात. त्याची मागची भिंत साल आणि काथ्या वापरून घरीच करता येते. चिकटवाचिकटवी एका दुपारची. खरं काम त्याआधीचं, आणि मंडळी नेमका तिथेच आळस करतात. पेटीत कायम ओलावा, ऊब आणि वाऱ्याचा पत्ता नाही. सालीत दडलेल्या बुरशीला आणि किड्यांच्या अंड्यांना आणखी काय हवं?

सालीसाठी आपल्या नागपुरातल्या गोरेवाड्याच्या जंगलाकडे वळू नका, तिथून काही उचलायचं नसतं. लकडगंजात आरा मशीनवर विचारा. बाभळीची मिळाली तर उत्तम. तिच्या खोल भेगांत शेवाळ चांगलं धरतं. निलगिरी, देवदार अशी उग्र वासाची लाकडं नकोत, त्यांची तेलं बंद पेटीत प्राण्यांना बाधतात. पॉलिश किंवा वाळवीचं औषध लागलेलं लाकूड तर अजिबात नको.

साल आणली की तारेच्या ब्रशने कोरडीच घासा. भेगांतून माती, जाळी, कधी मुंग्यांचं अख्खं बिऱ्हाड बाहेर पडतं. मग जुन्या पातेल्यात तासभर उकळा. पाणी कोऱ्या चहासारखं होईल. ते फेकून पुन्हा उकळा, रंग फिका पडेपर्यंत.

आता वाळवण. इथे आपल्या उन्हाळ्याला कोणी नावं ठेवू नयेत! मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की गच्चीवरची साल बघता बघता खडखडीत होते. मात्र नुसत्या उन्हावर विसंबून उकळणं टाळू नका. ऊन किडे मारेल, बुरशीचे बीजाणू त्यातूनही तगतात. साल वाळली का, हे हाताला कळत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आज तोला, उद्या तोला. वजन उतरायचं थांबलं म्हणजे वाळली. साल काचेला चिकटवायचं सिलिकॉन ओल्या सालीवर धरतच नाही.

आता काथ्या. कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या दाबलेल्या भुशाच्या विटेत बरेचदा खार असतो. ती भिजवून, कापडातून पिळून दोन-तीनदा धुवा. पूजेच्या नारळाचा काथ्या चालेल, पण हळदी-कुंकू लागलेला बाजूला काढा. आणि हो, कूलरच्या वाळ्याच्या जुन्या ताट्या वापरायचा मोह आपल्याकडे होणारच. नका वापरू. बोअरच्या जड पाण्याने त्यांच्यावर पांढरा खार चढलेला असतो, ओल मिळाली की तो पेटीत उतरतो. नवा, बिनअत्तराचा वाळा मात्र जरूर लावा.

पेटीत प्राणी कोणता, हा वेगळा विषय. एवढंच सांगतो की तारा कासव किंवा घोरपड पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. नुसती झाडांची पेटीही काही कमी देखणी दिसत नाही.

चिकटवताना बाथरूमसाठी मिळणारं बुरशीनाशक मिसळलेलं सिलिकॉन घेऊ नका, साधं काळं घ्या. साल आणि काचेमधली फट पूर्ण बुजवा, नाहीतर सोडलेला बेडूक किंवा पाल तिथे अडकून बसते. सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा आंबट वास पूर्ण गेल्याशिवाय पेटीत झाडही लावू नका, प्राणी तर लांबच.