भाट्याच्या वाळूत हिमस्खलनाचा सराव

(दृश्य : रत्नागिरी, भाट्याचा किनारा, ओहोटी. सुरूच्या बनाजवळ चौघं जण हातातली यंत्रं वाळूलगत धरून वाकून चालतायत.)

जानेवारीतली सकाळ. अंगात टी-शर्ट, पायात चपला, आणि शोध चाललाय बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाचा. वाळूत पुरलाय प्लॅस्टिकचा डबा, डब्यात चालू ट्रान्सीव्हर, म्हणजे बर्फाखालच्या माणसाचा माग काढायचं रेडिओयंत्र. जाळं घेऊन निघालेले एक काका थबकतात. "काय ओ, अंगठी पडली काय?"

सह्याद्रीत वाढलेल्या या मंडळींना आता हिमालयातल्या बर्फाच्या खिंडी खुणावतायत. पण शिकायचं कुठे? उत्तरकाशीच्या किंवा मनालीच्या गिर्यारोहण संस्थेत. तिथला बेसिक कोर्स जवळजवळ चार आठवड्यांचा, दिल्लीपर्यंतच रेल्वेचा एक दिवसाहून जास्त प्रवास. शाळेतल्या शिक्षकाला एवढी रजा मिळत नाही, मेडिकलचं दुकान महिनाभर बंद ठेवता येत नाही. ज्याची कलमांची बाग आहे, त्याचा हापूस आणि डोंगरातले कोर्स एकाच सुमाराला येतात.

म्हणून अभ्यास घरी. अमेरिकेतल्या युटा अ‍ॅव्हलांच सेंटरचे व्हिडिओ, अ‍ॅव्हलांच कॅनडाचे ऑनलाइन धडे, दोन्ही फुकट. शिक्षक आधी स्वतः बघतात, मग बाकीच्यांना मराठीत समजावतात. शिकवायला लागलं की आपल्याला काय कळलं नाही ते लख्ख दिसतं, हा त्यातला आयता फायदा.

(दृश्य : टेबलावर नकाशा, त्यावर पट्टी.)

सगळ्यात आधी उतार. बर्फाचे थर सरकून होणारी बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून चढ्या कड्यावर बर्फ फारसा साचतच नाही, थोडाथोडा झडत राहतो. हा अंदाज नकाशावरही घेता येतो. 1:50,000 चा नकाशा, कंटूर रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दर 40 मीटर उंचीला एक. दोन रेषांमध्ये 1 मिलिमीटर अंतर भरलं, तर तो उतार साधारण 39 अंशांचा. म्हणजे ऐन धोक्यातला. आणि आपली वाट सपाटीवर आहे म्हणून बिनघोर राहायचं नाही, डोक्यावर काय आहे तेही मोजायचं. तंबू बरेचदा नेमका अशाच उताराच्या पायथ्याशी पडतो, कारण तिथे जागा छान असते!

नजर बसावी म्हणून ही मंडळी घाटीच्या वाटेवर थांबतात, आधी अंदाज सांगतात, मग फोन उतारावर टेकवून अंश बघतात. आपला अंदाज जवळजवळ नेहमी जास्तच निघतो. पन्नास वाटलेला उतार पस्तिसाचा भरतो.

(दृश्य : पुन्हा किनारा. यंत्राच्या पडद्यावरचे आकडे.)

आता शोध. ट्रान्सीव्हर 457 किलोहर्ट्‌झवर संदेश सोडतो आणि पकडतो. बाण दिसतो, अंतराचा मीटरमधला आकडा दिसतो. पण बाण सरळ रेषेत नेत नाही, वळसा घालून नेतो. नवखा इथेच गोंधळतो. शोधताना फोन यंत्रापासून निदान अर्धा मीटर लांब. आकडा तीनच्या खाली आला की चाल मंद, यंत्र जमिनीलगत, आणि ते फिरवायचं नाही. सगळ्यात लहान आकडा जिथे, तिथून प्रोब, म्हणजे लांब सळई, खुपसायला सुरुवात. गोल गोल बाहेर जात, पंचवीस सेंटिमीटरवर एकेक. डब्याला टेकली की सळई तिथेच ठेवायची. काढली तर जागा हरवली.

मग खणणं, आणि वेळ खातं ते हेच. उताराच्या खालच्या बाजूने शिरायचं, एकाने खणायचं, मागच्यांनी माल मागे ढकलायचा, दमायच्या आत जागा बदलायची. घाई का, तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात, अर्धा तास उलटला की निम्म्याहून बरेच कमी. बाहेरून मदत येईपर्यंत एवढा वेळ नसतो. सोबती हीच मदत.

(वाळूत माणूस कधीही पुरायचा नाही. गंमत म्हणूनसुद्धा नाही. डबा पुरे.)

एवढं जमलं तरी बर्फ कळला असं होत नाही. ताज्या हिमाखालचा कच्चा थर, वाऱ्याने एका अंगाला आणून टाकलेलं ओझं, पाय टाकल्यावर खालून येणारा धप्प आवाज, हे भाट्याला शिकता येत नाही. 4 ऑक्टोबर 2022 ला द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्याच प्रशिक्षणार्थींच्या तुकडीवर हिमस्खलन कोसळलं, पंचवीसहून अधिक जण गेले. शिकायला गेलेल्यांच्या सोबत शिकवणारेही होते.

माघारीचा धडा मात्र किनाऱ्यावर जुनाच आहे. बंदरावर तीन नंबरचा, म्हणजे वादळी हवेचा, बावटा लागला की होडी घालायची का, यावर खल होत नाही. हिमस्खलनाचा इशारा एक ते पाच असा असतो, आणि तिथेही तीन हा घात करणारा आकडा: मधला म्हणून लोक निघतात, आणि बरेच जीव त्याच दिवशी जातात.

म्हणून या चौघांनी नियम आधीच वहीत उतरवलाय. मोठा हिमवर्षाव झाल्यावर पहिला दिवस तळावर. स्थानिक वाटाड्या नको म्हणाला तर नको. चौघांपैकी एकानेही मान हलवली तर सगळे परत, कारण विचारायचं ते खाली उतरल्यावर.

बर्फावरच्या चार दिवसांच्या वर्गासाठी त्यांची भिशी सुरू आहे. बागवाला तेव्हा येईल की नाही, हे त्या वर्षीच्या मोहोरावर.