युद्धाची आठवण सांगताना

श्रोतेहो, नमस्कार.

लढाईवरून परतलेल्या सैनिकाला घरची माणसं बहुधा 'आता विसरून जा' असंच सांगतात. पहिल्या महायुद्धात डॉक्टरही हेच सांगत. एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डॉ. रिव्हर्स यांनी मात्र 1917 साली मांडलं की, आठवणी जबरदस्तीनं दाबल्या की रात्रीची भयस्वप्नं बळावतात. याच्या उलट टोकही तितकंच वाईट. घटना घडल्या घडल्या एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याची पद्धत पुढे बरीच चालली. त्यानं आजार टळत नाही, असं चाचण्यांत दिसून आलं. काहींचा त्रास तर वाढला.

म्हणजे सांगायचं, पण बेतानं आणि क्रमानं.

सैनिकाला अहवाल द्यायची सवय असते. वेळ, ठिकाण, जखमी किती, दारूगोळा किती उरला. त्यात तो स्वतः कुठेच नसतो. उलट, रात्री दचकून उठवणाऱ्या आठवणीत वास असतो, आवाज असतो, छातीतली धडधड असते. तारीख आणि जागा तेवढी नसते. म्हणून दार आपटलं तरी शरीराला वाटतं, हल्ला आत्ताच होतोय. या दोन्ही गोष्टी एकाच कथनात आणायच्या, हेच खरं काम.

कथनाधारित उपचारात त्यासाठी जमिनीवर एक दोरी पसरतात. एक टोक जन्माचं. दुसऱ्या टोकाला थोडी दोरी गुंडाळून ठेवतात, ती पुढच्या आयुष्यासाठी. चांगल्या प्रसंगी फूल, भयंकर प्रसंगी दगड. या पहिल्या बैठकीत दगडाला फक्त नाव द्यायचं, तपशिलात शिरायचं नाही. पुढच्या बैठका साधारण दीड तासाच्या. जन्मापासून क्रमानं पुढे जायचं. दगड आला की वेग कमी करायचा. त्या दिवशी सकाळी काय चाललं होतं? मग काय दिसलं, काय ऐकू आलं, अंगात काय झालं, मनात काय आलं? आणि आत्ता सांगताना काय होतंय? उपचारक हे लिहून घेतो, पुढच्या खेपेला वाचून दाखवतो, सैनिक दुरुस्त्या सुचवतो.

सगळ्यात मोठी चूक होते ती ऐन भीतीच्या क्षणी थांबण्याची. गोष्ट तिथेच तुटली तर माणूस तिथेच अडकून घरी जातो. प्रसंग संपून सैनिक सुरक्षित जागी पोहोचेपर्यंत कथन न्यायचंच, म्हणून वेळ हाताशी ठेवूनच दगडाला हात घालावा. बोलता बोलता नजर थिजली, आवाज विरला, तर प्रश्न थांबवा. पाय जमिनीवर दाबायला सांगा, आजची तारीख विचारा, खोलीतल्या वस्तूंची नावं घ्यायला लावा. भान आलं की मग पुढे.

काही आठवणी भीतीच्या नसतात, आपल्या हातून घडलेल्या कृत्याच्या असतात. तिथे 'तुझा काय दोष' असं म्हणायची फार घाई होते. हेतू चांगला असतो, पण माणूस तिथेच गप्प होतो. आधी पूर्ण ऐकून घ्यावं.

घरच्यांनी दगडांना हात लावू नये. ते प्रशिक्षित माणसाचं काम. पण नोकरीतलं साधं आयुष्य जरूर विचारावं: शेजारच्या खाटेवर कोण होतं, पाठीवरच्या पिशवीत काय काय असायचं, पहाऱ्यावर झोप कशी आवरायची? चार माणसांत बोलायची सवय इथूनच लागते. लिहिणं सोपं वाटत असेल, तर सलग तीन-चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं, शुद्धलेखनाची फिकीर न करता लिहावं. लिहिल्यावर झोप आणखी उडाली, दारू वाढली तर थांबावं आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेटावं. जीव द्यायचे विचार आले, तर त्याच दिवशी.

शेवटच्या बैठकीत संपूर्ण कथन मोठ्यानं वाचतात, सही होते आणि कागद सैनिकाच्या हातात देतात. ते कुणाला दाखवायचे हे त्यानं ठरवायचं. घरच्यांनी मागू नयेत.