आलापाला अर्थ कोण विचारतो?

(दृश्य: पणजी, आल्तिनो. चित्रदालनातली पांढरी भिंत. एका मोठ्या चित्रासमोर थांबणारी आणि पुढे सरकणारी माणसं.)

माणूस चित्रासमोर थांबतो, मान तिरकी करतो आणि सोबतच्याला हळूच विचारतो, "हें कितें?" सोबतच्यालाही सांगता येत नाही. दोघं पुढच्या चित्राकडे वळतात. तिथं होडी आहे, माड आहेत, नदी आहे. दोघांनाही हायसं वाटतं.

हाच माणूस संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात गाणं ऐकायला बसतो. गायिका आकार लावते. बराच वेळ एकही शब्द नाही, नुसते सूर. वर चढून ती पुन्हा षड्जावर येते, तेव्हा याची मान आपसूक डोलते. या आलापाचा अर्थ काय, असं तो कुणालाही विचारत नाही. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या गायिका याच मातीतल्या. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरचे निवडक आवाज अंतराळात गेले, त्यांत केसरबाईंची भैरवी आहे. ती ज्यांच्या कानी पडेल, त्यांना बंदिशीचे शब्द कळतील अशी अपेक्षा तरी कशी ठेवणार? सूर पोहोचला तरी पुष्कळ.

मग डोळ्यांनाच अर्थाची एवढी घाई का?

आम्हाला असं वाटतं, की कथा-कविता मन लावून वाचणाऱ्याची अमूर्त, म्हणजे ओळखीचा आकार नसलेल्या, चित्रासाठी अर्धी तयारी झालेलीच असते. उरलेली अर्धी स्वतः लिहून होते.

(दृश्य: इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा. प्रवेशदालनातल्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स.)

पणजीतल्या या भिंतीवर एक अख्खं महाकाव्य चित्रांत उतरलं आहे. काही काळ गोव्यात राहिलेला पोर्तुगीज कवी लुईश द कामोंइश याच्या महाकाव्यातले हे प्रसंग. टाइल्स जॉर्ज कोलासो यांच्या, १९३५ सालच्या. जहाजं, योद्धे, राजदरबार, सगळं ओळखता येतं. गोव्याचं मध्यवर्ती ग्रंथालय पूर्वी याच इमारतीत होतं, आता ते पणजीतल्याच पाट्टो भागात आहे. पुस्तकं वाचायला येणाऱ्या कितीतरी पिढ्या या चित्रांसमोरून आत गेल्या असतील.

काव्याचं चित्र करण्याची ही एक रीत: कवीनं सांगितलं, ते चितारायचं. काम देखणं आहे, यात शंका नाही. पण दुसरीही एक रीत आहे, आणि ती आपल्याला घरबसल्या करून पाहता येते.

(दृश्य: टेबलावर कोरी वही. पेन धरलेला हात.)

एक वाक्य लिहू: ‘पावसाळी संध्याकाळी एकटेपणानं तिचं मन भरून आलं.’ वाक्यात चूक काहीच नाही. पण वाचणाऱ्याला करण्यासारखंही काही उरलेलं नाही.

आता कथाकाराला बोलावू. तो आधी विचारील, ही कोण? मग दिसायला लागतं: फोंड्याकडचं कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, जुनं कौलारू घर, एक मुलगा बोटीवर, दुसरा पुण्याला. घरात म्हातारी एकटीच. सकाळी पाय मुरगळला म्हणून ती आडवी झाली आहे. दुपारी पागोळ्यांखाली ठेवलेली कळशी आत घ्यायची राहून गेली. हे वाचताना आपणही स्वस्थ बसलेले नसतो. कथेत नुसतं ‘जुनं घर’ एवढंच असलं, तरी सत्तरी तालुक्यातला वाचक त्याला आपल्या आजोळची ओटी देतो आणि मडगावचा वाचक आपल्या वाड्यावरची खिडकी. कथावाचनाचं मोठं काम हेच, ते वाचणाऱ्याला घर बांधायला लावतं.

पुढे कवी येतो आणि खोडायला लागतो. मुलगे गेले, पाय गेला, म्हातारीही गेली. उरलं एवढंच:

संध्याकाळ.
पागोळ्यांखालची कळशी
भरून वाहते आहे केव्हाची.

‘एकटेपणा’ हा शब्द आता कुठेही नाही, पण तो पहिल्या वाक्यापेक्षा जास्त जाणवतो.

आणि चित्रकार? तो कळशीही काढून टाकतो. मग काय राहतं? वरून खाली येणारा एक ओघ, काठोकाठ भरलेपण, विझत चाललेला उजेड. वर राखाडी रंग, खाली ओल्या चिऱ्याचा तांबडा. पातळ केलेला रंग वरच्या कडेवरून सोडला की तो आपल्या वजनानं ओघळतो, मध्येच अडतो, पुन्हा वाट काढतो. या चित्रात कुणाला कळशी दिसणार नाही, आणि दिसायलाही नको. भरून वाहणं जाणवलं, तर चित्र पोहोचलं.

(दृश्य: कॅनव्हासवर फिरणारा रोलर, मग रंग खरवडणारी पॅलेट नाइफ.)

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी हे वजा करणं आयुष्यभर केलं. आईवडील गोव्याचे, जन्म १९२४ साली नागपूरला, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. सुरुवातीच्या त्यांच्या चित्रांत माणसं आहेत. पुढे माणसं गेली, ओळखीचे आकार गेले. कुंचल्यापेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ त्यांच्या हातात अधिक दिसू लागले. रंगाचा थर द्यायचा, थोडा काढायचा, त्यावर दुसरा चढवायचा. वर्षाकाठी मोजकीच चित्रं होत. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्यांना जाऊन तेरा वर्षं झाली होती.

त्यांच्या चित्राजवळ गेलं की एक गोष्ट लक्षात येते. खरवडलेला थर पुरता जात नाही. तो खालून वरच्या रंगाला उजेड देत राहतो. आपल्या कवितेतली म्हातारीसुद्धा तशीच कळशीखाली आहे. कवीनं तिला आधी नीट पाहिलं, तिचा मुरगळलेला पाय पाहिला, म्हणूनच ती खोडल्यावरही तीन ओळी रित्या वाटत नाहीत. गोष्टीच न वाचता, माणसंच न पाहता थेट अमूर्ताकडे धावलं, तर हाती नुसते डाग येतात. आम्हाला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

(दृश्य: पाट्टो, मध्यवर्ती ग्रंथालय. मराठी कथा-कादंबऱ्यांची कपाटं. वाचत बसलेली मुलं.)

१८३२ साली स्थापन झालेलं हे ग्रंथालय. सावईवेऱ्याच्या लक्ष्मणराव सरदेसायांनी गोव्याची माणसं मराठी कथेत आणली. बोरीच्या बा. भ. बोरकरांनी मराठी आणि कोंकणी, दोन्हींत कविता लिहिल्या, आणि त्या ते गाऊन म्हणत. नादाचं बोट धरून कवितेत शिरायचं, हे त्यांच्या श्रोत्यांना वेगळं शिकवावं लागलं नाही.

परीक्षेत मात्र मुलांना अजून विचारलं जातं, ‘कवितेचा मध्यवर्ती आशय थोडक्यात लिहा.’ हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवायला काय हरकत आहे? गोष्ट वाचून झाली की मुलांपुढे रंगीत खडू ठेवा. माणूस, घर, झाड काढायचं नाही, एवढीच अट घाला. कुणी कागदाचा एकच कोपरा काळा करील, कुणी पिवळ्यावर पिवळा चढवत बसेल. मग आपल्याच चित्राबद्दल चार ओळी लिहायला सांगा. चित्रं वर्गात लावताना मात्र खाली गोष्टीचं नाव लिहू नका. दुसऱ्या वर्गातल्या मुलांना ती बघू द्या आणि त्यांना त्यांची स्वतःची गोष्ट लिहू द्या.