पाण्याखाली पोहोचलेला पहिला नेमो

हा समुद्राचा खराखुरा तळ आहे. साल १९१६. ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ या मूकपटातलं हे दृश्य. बहामा बेटांजवळचं नितळ पाणी, पांढरी वाळू आणि समोरून संथपणे जाणारे हे शार्क.

ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची याच नावाची पाणबुडीची कादंबरी १८७० मध्ये पुस्तकरूपात आली. भा. रा. भागवतांमुळे व्हर्न मराठी घरांतही पोहोचला. पण कागदावरचा समुद्र पडद्यावर आणायचा कसा? युनिव्हर्सल कंपनी आणि दिग्दर्शक स्टुअर्ट पेटन यांना वाट दाखवली अर्नेस्ट आणि जॉर्ज या विल्यमसन बंधूंनी.

त्यांचे वडील जहाजाचे कप्तान. पाण्याखालच्या कामांसाठी त्यांनी लोखंडी कड्यांची एक लवचिक नळी तयार केली होती. मुलांनी तिच्या टोकाला जाड काचेची खिडकी असलेला पोलादी गोल जोडला. वर तराफा, खाली हा गोल. कॅमेरामन नळीतून खाली उतरायचा, कोरड्या हवेत बसायचा आणि काचेपलीकडचा समुद्र टिपायचा. कॅमेऱ्याला पाण्याचा थेंबही लागत नसे! म्हणूनच चित्रपटाच्या सुरुवातीला हे दोघे भाऊ स्वतः पडद्यावर दिसतात. तो मान त्यांचाच होता.

पाणबुड्याला विळखा घालणारा हा ऑक्टोपस मात्र बनवलेला आहे.

आणि आता नेमो, कादंबरीतल्या पाणबुडीचा कप्तान. समुद्रात दडलेला हा माणूस मूळचा कोण, हे व्हर्नने त्या कादंबरीत सांगितलंच नाही. ते कळतं व्हर्नच्याच ‘गूढ बेटा’च्या कादंबरीत: नेमो म्हणजे राजपुत्र दाक्कार, बुंदेलखंडचा, म्हणजे आपल्या झाशीच्या मुलखातला. १८५७ च्या उठावात तो इंग्रजांविरुद्ध लढला होता आणि त्यात त्याची बायकामुलं गेली होती.

पेटनने दोन्ही कादंबऱ्या एकत्र गुंफल्या. कथानकाची त्यामुळे बरीच ओढाताण झाली, नेमोला एक हरवलेली मुलगीही मिळाली, जी व्हर्नकडे नाही. पण शेवटाकडे गोष्ट थेट भारतात येते, आणि नेमोचा संताप कुठून आला ते प्रेक्षकाला कळतं. भूमिका केली ॲलन होल्युबर या अमेरिकन नटाने, चेहऱ्याला रंग फासून. ते आज खटकतं, खटकायलाच हवं. तरीही १९५४ च्या डिस्नेच्या गाजलेल्या चित्रपटात नेमोचं भारतीय मूळ पार पुसलं गेलं. या जुन्या मूकपटाने ते जपलं होतं.