दुसरा प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार.

मुलांना कविता लिहायला सांगताना आपण बहुधा विषय देतो : पाऊस, आई, माझी शाळा. मग 'पाऊस आला, आनंद झाला' अशा ओळी हमखास येतात. यात दोष मुलांचा नाही. पावसावर इतके लिहिले गेले आहे की, खिडकीबाहेर धो धो कोसळत असतानाही मूल त्या पावसाऐवजी पाठ्यपुस्तकातल्या पावसाकडे पाहत राहते.

मी शिकवत असताना वर्गातील एका मुलीने अशाच दोन ओळी लिहून वही पुढे केली. मी तिला विचारले, "काल रात्री पाऊस पडला तेव्हा घरात काय ऐकू आले?" पत्रा गळत होता आणि आईने जागोजागी पातेली ठेवली होती, असे तिने सांगितले. "आवाज कसा येत होता?" या दुसऱ्या प्रश्नावर ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "आधी टण्ण वाजतं. पण पातेलं भरत आलं की त्याचा आवाज बसतो." कविता इथे सुरू झाली होती, आणि ती सुरू झाल्याचे तिला ठाऊकही नव्हते.

हा दुसरा प्रश्न विचारणे एवढेच मोठ्यांचे मुख्य काम आहे, असे मला वाटते. तो 'कसे वाटले?' असा मात्र नसावा, कारण त्याचे उत्तर 'छान वाटले' असेच येते. तव्यावरची भाकरी आधी कुठून फुगली, एसटी घाट चढताना कशासारखी ओरडते, आजोबांचा चष्मा नाकावरून कुठवर घसरतो, असे विचारले की मुलाला उत्तरासाठी पुन्हा पाहावे लागते.

जळगावजवळच्या आसोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. चूल, जाते, शेत आणि झाडाला लोंबणारा सुगरणीचा खोपा हेच त्यांचे विषय होते. (तो खोपा खरे तर नर विणतो, नीट निरीक्षण करणारे एखादे मूल इथे हरकत घेईल आणि ती अवश्य घेऊ द्यावी.) त्यांनी रचलेले घरच्यांनी कागदावर उतरवून ठेवले, म्हणूनच त्यांच्या निधनानंतर 1952 साली ते पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे येऊ शकले. ज्या मुलांना अजून लिहिता येत नाही, त्यांच्या घरीही असा एखादा लेखनिक हवा. मूल बोलता बोलता जे म्हणाले, ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत टिपून ठेवावे. 'व्हतं'चे 'होते' करण्याची घाई करू नये; बहिणाबाईंची गाणी प्रमाणभाषेत लिहिली असती, तर त्यांतला ठेका तिथेच हरवला असता.

घरात आजी असेल तर तिच्याकडून कोडी ऐकवावीत. 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे' या चार-पाच शब्दांत दातांची भिंत आणि वळवळणारी जीभ दोन्ही दिसतात, यमकही साधते, आणि 'प्रतिमा' हा शब्द न उच्चारता प्रतिमा म्हणजे काय ते मुलाला कळते. मग त्यालाच म्हणावे, झाडूचे कोडे घाल, कुकरचे घाल, पण वस्तूचे नाव घ्यायचे नाही.

यमकाचा आग्रह मात्र सुरुवातीला धरू नये. यमक जुळवण्यासाठी मूल न पाहिलेला मोर आणून नाचवते आणि पाहिलेले पातेले बाजूला सारते.

त्या मुलीची कविता पुढे सहा ओळींची झाली. शेवटच्या ओळीत रात्री तीनदा उठून पातेली ओतणारी तिची आई आली होती. 'आई' हा विषय मी तिला दिला नव्हता.